कोडगू: डोंगरातलं घर, उताऱ्यावरचं नाव

बेंगळुरूहून सुमारे 260 किलोमीटरवर मडिकेरी लागते. कॉफीचे मळे, धुकं, उतरती कौलारू छपरं. पाहुणे फोटो काढून परततात. इथे राहणाऱ्यांना मात्र पावसाचा मुक्काम सोसावा लागतो. ऑगस्ट 2018 मध्ये दरडी कोसळून अनेक घरं गेली.

नवं घर बांधायला कर्ज हवं, तर बँक आधी जमिनीचा उतारा मागते. आपला सातबारा, तशी इथली ‘पहणी’. कोडव कुटुंबांच्या पिढीजात ‘जम्मा’ जमिनींच्या पहणीवर पुष्कळदा पूर्वीच्या पट्टेदाराचंच नाव असतं आणि हिस्सेदार अनेक. त्यामुळे उत्पन्न चांगलं असूनही कर्ज अडतं.

तुमच्या गावच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे का? घराचा नकाशा काढण्याआधी वारसनोंद करून घ्या.