बाळ कुणाजवळ ठेवायचे?

मुलगी शिकली, नोकरीला लागली, लग्न झाले, मूल झाले. सहा महिन्यांची रजा संपत आली की घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो, बाळ कुणाजवळ ठेवायचे? पूर्वी घरात आजी असे. आता आमच्या वस्तीतील बऱ्याच आज्या स्वतःच चार घरची धुणीभांडी करतात, काही गावी एकट्या राहतात. मग लोक आमच्यासारख्या कार्यकर्त्याकडे येतात. म्हणतात, "भाऊ, परवाना असलेले एखादे पाळणाघर बघा ना."

गेल्या उन्हाळ्यात अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या पॅकिंगला जाणाऱ्या एका भगिनीसाठी आम्ही सात पाळणाघरे पाहिली. ती आणि तिचे पती बरोबर होते. परवाना दाखवा म्हटले की बहुतेक ठिकाणी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवीत. जवळ जाऊन वाचले तर तो गुमास्ता. धंदा सुरू केल्याची ती नोंद, किराणा दुकानालाही तीच मिळते. लहान आस्थापनेला तर आता ऑनलाइन सूचना दिली की पावती हातात येते. मुले सांभाळणारी बाई कोण, मोरी कशी, गॅस कुठे, हे तपासायला त्यासाठी कुणी येत नाही. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली, तेव्हा अशा जागांवर देखरेख कुणाची यावर बरीच ओरड झाली. तेव्हा कागद जरूर पाहावा, पण त्यावर विसंबू नये.

तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी बाळाचे नाव विचारले. मग आडनाव विचारले, मग गाव कोणते ते विचारले, आणि जागा भरली आहे म्हणाल्या. आत दोन पाळणे रिकामे हलत होते. यावर अधिक लिहायची गरज नाही, आमच्या वाचकांना ते ठाऊक आहे.

पाहायचे ते असे. मुले किती आणि मोठी माणसे किती, हे आधी मोजावे. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक सांभाळणारी असे प्रमाण दिले आहे. आम्ही एका खोलीत एकोणीस मुले आणि एकच बाई पाहिली, तीही मधूनमधून आमटीला फोडणी देत होती. शौचाला मुलांना कोण नेते ते विचारावे. आणि दुपारी दोनच्या सुमारास न सांगता जावे. पाचव्या ठिकाणी आम्ही तसे गेलो तर बाईंनी हसून दार उघडले, मुले सतरंजीवर झोपली होती, एक जागे होते ते त्यांच्या कडेवर होते. तिथेच बाळ ठेवले. सहाव्या व सातव्या ठिकाणी आम्ही आधी जाऊन आलो होतो म्हणून आकडा सात.

आता पैशाचे. फी महिना साडेचार हजार. रिक्षाचे बाराशे, दुधाचे अकराशे, आणि संध्याकाळी सातनंतर अर्ध्या तासाला पन्नास रुपये, ते महिन्याला चारशेच्या घरात जातात. एकूण बहात्तरशे. भगिनीच्या हातात येतात साडेचौदा हजार. सासूबाईंनी लगेच हिशेब मांडला, "त्र्याहत्तरशे रुपयांसाठी एवढी धावपळ कशाला? बस घरी." आम्ही बी.कॉम. झालेला माणूस, आयुष्य जमाखर्चात गेले, पण अशी वजाबाकी आम्हाला मान्य नाही. बाळ दोघांचे, मग पाळणाघराची फी एकट्या आईच्या पगारातून का वजा करायची? शिवाय तिच्या नोकरीला भविष्यनिर्वाह निधी आहे, ई.एस.आय.चे कार्ड आहे, त्या कार्डावर कुटुंबाला औषधोपचार मिळतो. तिचे पती टेम्पो चालवतात, त्यांना यातले काहीच नाही. हे कागदावर मांडून दाखवले तेव्हा सासूबाई गप्प झाल्या. पटले की नाही, सांगता येत नाही.

ज्यांना साडेचार हजार जमत नाहीत त्यांच्याकडे बिनफीचे पाळणाघर असते. ते म्हणजे थोरली मुलगी. आमच्याच गल्लीत सातवीतली एक पोर आठवड्यातून तीन दिवस शाळेत नसते, भावाला मांडीवर घेऊन दारात बसलेली दिसते. घरच्यांना विचारले तर म्हणतात, आजारी होती. शिका म्हणून भिंतीवर लिहिलेल्या घरात हे चालले आहे.

मालकाकडून पाळणाघर मिळावे असा कायदा जुनाच आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात ती तरतूद होती, पण ती बायकांची संख्या मोजून. आधी पन्नासहून अधिक, १९७६ पासून तीसहून अधिक. मग मालकाला बायका कमी ठेवणेच परवडे. २०१७ च्या दुरुस्तीने स्त्रीपुरुष मिळून पन्नास कामगार झाले की पाळणाघर हवे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावे असे ठरले, २०२० च्या संहितेतही आकडा पन्नासच ठेवला. या भगिनीच्या कंपनीत माणसे दोनशेच्या वर, पण ती चार-पाच ठेकेदारांच्या हजेरीपटांवर वाटलेली आहेत. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना सांगितले होते की आईला विसावा मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा काही भार सरकारनेही उचलावा. सरकारने २०१७ च्या पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालील घराला महिना वीस रुपये शुल्क ठेवले होते. २०२२ पासून अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची 'पाळणा' योजना आहे. आमच्या अंगणवाडीसाठी आम्ही बालविकास प्रकल्प कार्यालयात अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, दोनदा जाऊन आलो.

तोवर विहार आहे. रविवारची वंदना सोडली तर सोमवार ते शनिवार दिवसभर कुलूप असते. मार्चच्या सभेत आम्ही विषय मांडला. दोन ज्येष्ठ उपासक म्हणाले, मुले फरशी ओली करतील, मूर्तीसमोर गोंधळ होईल. महिला मंडळाच्या अध्यक्षा उठून म्हणाल्या की फरशी आम्हीच पुसतो, आम्हीच पुसू. मागच्या खोलीवर एकमत झाले. सांभाळायला दोन बायका लागतील, त्यातली एक परिचारिकेचे शिक्षण घेतलेली मिळाली आहे. फी बाराशे धरली आहे, दोघींचे मानधन त्यात निघत नाही, म्हणून घरटी पन्नास रुपये वर्गणी सुरू केली आहे. आजपर्यंत अकरा मुलांची नावे आली. शौचालयाच्या दाराची खालची फळी कुजली आहे आणि कडी आतून बसते, ती आधी बाहेरून उघडेल अशी करून घ्यायची आहे. सुतार शनिवारी येतो म्हणाला आहे.