सुतार गेल्यानंतर

दिवाळीच्या आधीचा महिना म्हणजे घरोघरी स्वयंपाकघरांचा कायापालट. जुना ओटा फुटतो, नवे ग्रॅनाइट येते, शेगडीच्या जागी हॉब बसतो आणि ओट्याखाली ट्रॉल्यांची रांग लागते. भिंतीतून आलेला गॅसचा पाइप मात्र होता तिथेच असतो. नव्या हॉबपर्यंत गॅस पोचवायचे काम मग एका लवचीक नळीकडे येते. इमारतींमधल्या गॅसजोडणीचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. माझे मत असे, की घरातल्या गॅसची सुरक्षितता मीटरवर फारशी ठरत नाही. ती ठरते या दीड मीटरच्या आतल्या तुकड्यावर, आणि तेही फिटर आपले काम संपवून निघून गेल्यानंतर.

स्वयंपाकघरातल्या पाइपगॅसचा दाब साधारण 21 मिलिबार असतो, म्हणजे पाण्याचा जेमतेम एकवीस सेंटिमीटरचा स्तंभ. इतक्या कमी दाबाने नळी फुटत नाही. गॅस झिरपतो, आणि झिरपणारा गॅस कुठे जाऊन साठतो, हा खरा प्रश्न असतो. पाइपगॅस मुख्यतः मिथेन, म्हणजे हवेपेक्षा हलका. तो वर जातो आणि खिडकीच्या वरच्या फटीतून किंवा झरोक्यातून बाहेर पडतो. सिलिंडरमधला गॅस जड, तो फरशीवर पसरतो. म्हणून सिलिंडरच्या घरात जमिनीलगत जाळी हवी आणि पाइपगॅसच्या घरात छताजवळ. आपल्याकडे कित्येक घरे सिलिंडरवरून पाइपगॅसवर आली. जाळी तशीच खाली राहिली, आणि वरचा झरोका चिमणीसाठी बंद झाला.

हॉब आल्यावर गोष्ट आणखी बदलते. हलका गॅस वर जातो खरा, पण त्याला वर जायला वाट हवी. हॉबखालच्या बंद कपाटात त्याच्या डोक्यावर ग्रॅनाइट असते. नव्वद सेंटिमीटर रुंद कपाटाचे आकारमान साडेतीनशे लिटरच्या आसपास भरते. हवेत मिथेन पाच टक्के झाला की मिश्रण पेट घेऊ शकते. पंधरा टक्क्यांपर्यंत ते तसेच धोक्याचे राहते. म्हणजे या कपाटासाठी सतरा-अठरा लिटर गॅस पुरे, जेवढा मोठा बर्नर पाचेक मिनिटांत जाळतो. गॅसला वास मुद्दाम दिलेला असतो, धोक्याच्या पातळीच्या बऱ्याच आधी नाकाला कळावा इतका. पण दार बंद असलेल्या कपाटातला वास नाकापर्यंत पोचत नाही, तो कुणी ट्रॉली ओढल्यावर पोचतो.

16 मे 1968 रोजी पूर्व लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाच्या बावीस मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर एका बाईंनी पहाटे चहासाठी काडी पेटवली. स्फोटाने भिंतीचे काँक्रीटचे तयार पॅनेल बाहेर फेकले गेले, आधार गेल्याने वरचे मजले कोसळले आणि त्यांच्या भाराने इमारतीचा तो अख्खा कोपरा खालपर्यंत ढासळला. चार माणसे गेली. त्या बाई वाचल्या. जगभरच्या स्थापत्य अभियंत्यांनी यातून इमारतींच्या रचनेबद्दल धडा घेतला आणि तो योग्यच होता. पण मी नव्या फिटरना रोनन पॉइंट सांगतो तो वेगळ्या कारणाने. चौकशीत गॅस कुठून आला ते सापडले: कुकरची लवचीक नळी गॅसच्या पाइपला जोडणारा पितळी नट तुटला होता. तो प्रमाणापेक्षा कमी जाडीचा होता आणि बसवताना बहुधा जास्त आवळला गेला होता. नळी जागच्या जागी होती, तुटला तो तिच्या टोकाचा नट.

म्हणून मी टोकांकडे आधी पाहतो. स्टेनलेस स्टीलची पन्हळी नळी वाकते सुरेख, पण पीळ तिला सोसत नाही. नट आवळताना एका पान्याने मागची फिटिंग धरायची आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने काम केले की नळी आतून पिळवटते, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि कालांतराने पन्हळीच्या माथ्यावर बारीक चीर पडते. नळी टोकाशीच वाकवायची नाही, आधी थोडी सरळ जाऊ द्यायची. रबरी नळी असेल तर तिच्यावरचे साल वाचायचे आणि पाच वर्षांत ती बदलायची. मध्ये सांधा नको, भिंतीतून आरपार नेणे नको. टाइल्सचे डाग काढायला वापरले जाणारे ॲसिड स्टेनलेस स्टीललाही खाते, आणि मुंबईची खारी हवा त्यात भर घालते. अमोनियाचे क्लीनर ताणाखाली असलेल्या पितळेला तडे पाडतात. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या पावसाळ्यात साठवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी अशीच तडकत असत. तबेल्यातला अमोनिया त्याला कारणीभूत होता, हे पुढे उलगडले.

लवचीकपणा हा मुळात हालचालीसाठी असतो. साठ मीटर उंचीचा लोखंडी रायझर, म्हणजे इमारतीत वर चढणारा उभा पाइप, पंचवीस अंशांच्या फरकाने जवळजवळ दोन सेंटिमीटर लांबतो, त्याला कुठेतरी सैल जागा द्यावीच लागते. भूकंपांची सवय असलेल्या जपानने पन्हळी स्टीलची नळी घराच्या भिंतींतून नेण्याइतकी वापरात आणली आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीस ती अमेरिकेत रुळली. तिथे तिची दुसरी बाजू दिसली. नळीची भिंत पाव मिलिमीटरच्या आतबाहेर, त्यामुळे घरावर वीज पडली की जवळच्या दुसऱ्या धातूवरून ठिणगी उडून नळीला भोक पडू शकते. 2012 मध्ये टेक्ससमधल्या लबक शहरात अशाच आगीत एक तरुण गेला. उपाय म्हणून नळी जाड तांब्याच्या तारेने इमारतीच्या अर्थिंगला जोडतात. आपल्या स्वयंपाकघरात यातून घ्यायचे ते एवढे, की चिमणीची आणि ओव्हनची वायर गॅसच्या नळीला टेकू द्यायची नाही.

गॅस जोडताना चाचणी होते: हवा भरून दाब टिकतो का ते पाहतात, सांध्यांना साबणाचे पाणी लावतात. ही चाचणी प्रामाणिक असते, पण ती सुतार येण्याआधीची. नंतर ट्रॉलीची पाठ नळीला घासते. "साहेब, ड्रॉवर दोन इंच कमी पडतोय, नळी जरा मागे दाबू का?" असे विचारणारा सुतार भेटला तर मला बरे वाटते, कारण बहुतेक जण न विचारताच दाबतात. कॉक ड्रॉवरच्या मागे जातो, आणि गळतीच्या वेळी तो बंद करायला आधी स्क्रूड्रायव्हर शोधावा लागतो.

म्हणून माझी सोसायट्यांकडे मागणी आहे. स्वयंपाकघराच्या कामाला परवानगी देताना दोन अटी घाला. हॉबखालच्या कपाटाला वरच्या कडेशी जाळी हवी आणि कॉक एका हाताने, काही न उघडता बंद करता यायला हवा. आणि सुतार गेल्यानंतर, शेवटची ट्रॉली बसल्यावर, अधिकृत फिटरकडून दुसरी चाचणी करून तिचा कागद सोसायटीच्या फाइलला लावा. अर्ध्या तासाचे काम आहे. चकल्यांचे तेल तापवण्याआधी ते करून घ्या.