रडतोस काय मुलीसारखा?

मराठी मुलाला बाराखडीच्या आधी हे वाक्य पाठ होतं. मी पडलो बी.कॉम., त्यातून बँकेतला कारकून. तेव्हा बालमानसशास्त्रावर बोलायचा मला अधिकार नाही, हे कबूल. पण चाळीत जन्म गेल्यामुळे मुलं पडताना मात्र पुष्कळ पाहिली आहेत.

मुलगा पडला, की आजी पुढे सरसावते आणि जमिनीला दोन चापट्या लगावते. "हात् रे! माझ्या राजाला पाडते काय? मार रे तिला!" राजाही मारतो. मुलीच्या वतीनंही जमीन मार खाते, नाही असं नाही. पण पुढे मुलीला रडायची सवलत असते. राजाचं प्रकरण तिथंच मिटतं. डोळ्यांतलं पाणी बंद, हात चालू!

बरं, आपल्या घरांत 'श्यामची आई' नाही असंही नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं. अत्र्यांनी १९५३ साली त्यावर सिनेमा काढला, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. थिएटरात बापे धोतराच्या सोग्याला डोळे पुसत आणि बाहेर आल्यावर गुरुजींना 'रडके' म्हणत. या रडक्या माणसानं १९४७ साली पंढरपूरला विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण केलं. हसणाऱ्यांपैकी किती जणांनी साधी एकादशी धड केली असेल, देव जाणे. (साबुदाण्याची खिचडी धरत नाही.)

आमच्या भाषेत सांगायचं, तर मुलीचं रडणं हे बचत खातं. लागेल तेव्हा काढा. मुलाची मुदत ठेव. ती मोडायची परवानगी एकदाच, लेकीच्या पाठवणीला. मधे काही काढायचंच झालं, तर फक्त रागाच्या नोटांत मिळेल. बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही, की खातं निष्क्रिय होतं आणि दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पुरुषांच्या या ठेवी कुठल्या निधीत जातात, ते बायकोला विचारावं. व्याजासकट तिलाच मिळत असतात.

परवा काउंटरवर पन्नाशीचे एक गृहस्थ आले. वडिलांचं खातं बंद करायचं होतं. मृत्यूचा दाखला होता, वारस म्हणून नावही त्यांचंच. फॉर्मवर फक्त एक सही राहिली होती. तेवढं सांगितलं मात्र, गृहस्थ उसळले. "लोकांना छळायला बसलात का इथं?" आणि काउंटरवर दाणकन हात आपटला. आवाज ओळखीचा वाटला.

मी पेन पुढे केलं. सही झाली. पासबुकात राहिलेल्या नोंदी छापून दिल्या. ते उभ्या उभ्या वाचत राहिले.

"शेवटची पेन्शनची आहे का हो?"

"हो. पेन्शनचीच."

मी 'खाते बंद'चा शिक्का उचलला.

"जरा हळू मारा," ते म्हणाले.

हळू मारला. त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं काचा पुसायला घेतल्या. पुष्कळ वेळ पुसत होते.

"धूळ फार हो तुमच्याकडे."

"फारच," मी म्हटलं, "त्यात हा पंखा," आणि शिपायाला पाणी आणायला सांगितलं.