बोरांशिवाय बोरन्हाण

"बोरन्हाणाची लूट तुझ्याकडे," असं ताईनं जानेवारीच्या सुरुवातीला फोनवर सांगितलं आणि मी हो म्हणून मोकळा झालो. काम सोपं वाटलं. मंडईतून बोरं, हरभरे, उसाचे तुकडे, चुरमुरे, हलवा आणि वर गोळ्या-चॉकलेटांची दोन पाकिटं. काळं झबलं घातलेली दोन वर्षांची भाची पाटावर बसणार, मी डोक्यावरून ओतणार, पोरं तुटून पडणार. अर्ध्या तासाचा खेळ.

संध्याकाळी पाहुण्यांची यादी आली. नऊ मुलं. खालच्या मजल्यावरचा पाच वर्षांचा मुलगा: तिळाची अ‍ॅलर्जी. ताईच्या जावेची मुलगी: सीलिअ‍ॅक, म्हणजे गहू आणि जव बंद. मैत्रिणीचा सात वर्षांचा मुलगा: टाइप वन डायबेटिस. खाली तळटीप: "चार वर्षांच्या आतली तिघं आहेत. शेंगदाणे, कडक गोळ्या, बी असलेली बोरं नकोत. घशात अडकतात."

मी फोन लावला. "ताई, मग ओतू काय? पाणी?"

"तेच शोधायचंय तुला."

आधी वाटलं, लोक उगाच बाऊ करतात. चिमूटभर तिळानं काय होतंय? हे मी खालच्या वहिनींना, जरा गोड शब्दांत, विचारलंसुद्धा. त्या चिडल्या नाहीत. गेल्या संक्रांतीला कुणीतरी प्रेमानं लाडवाचा कण त्यांच्या मुलाच्या तोंडात घातला. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, रात्र दवाखान्यात गेली. "आता आम्ही बोरन्हाणाला येतो," त्या म्हणाल्या, "पण लूट सुरू व्हायच्या आत निघतो. त्याला सांगते, बाबा वाट बघतायत."

त्या वाक्यानंतर मी हुज्जत घालणं सोडलं.

पण अक्कल लगेच आली असं नाही. डायबेटिसवाल्यासाठी मी शुगर-फ्री चॉकलेटं आणली. त्याची आई हसली. त्यातही कर्बोदकं असतात, ती मोजून इन्सुलिन घ्यावं लागतं, आणि जास्त खाल्ली तर पोट बिघडतं ते वेगळंच. उलट साखर त्याला वर्ज्य नाही, हे ऐकून मी चाट पडलो. खेळून-पळून रक्तातली साखर उतरली, की तीच औषध. म्हणून तिच्या पर्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्या कायम असतात.

मग ठरवलं, खाण्याचं काहीच नको. बोहरी आळीत जाऊन रंगीत मातीच्या बारा डब्या आणल्या. ताईनं डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि माझ्यापुढे धरली: गव्हाचं पीठ. खेळायची मऊ माती पुष्कळदा पिठाचीच असते. हाताला लागून काही होत नाही, पण लहान मुलांचे हात शेवटी जातात कुठे? तोंडात. त्या डब्या परत गेल्या. फळांच्या आकाराचे वासाचे खोडरबर आणले. भाचीनं पहिल्याच मिनिटाला स्ट्रॉबेरी चावली. लुकलुकणाऱ्या अंगठ्या आणल्या. त्यांत बटणाएवढा सेल होता, आणि तो गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते. फुगे आणले, फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात बसतो. चार दिवसांत माझी अशी अवस्था झाली, की भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा धोकादायक दिसायला लागलं.

सुटका केली आईनं, तीही वैतागून. तिळाशिवाय संक्रांत हेच तिला मान्य नव्हतं. "हलव्याचे दागिने तरी असू देत," म्हणत होती. पण हलव्याच्या काट्याआड बहुतेक वेळा तीळच असतो, आणि साबुदाण्याचा घेतला तरी तो तिळाच्याच कढईत हललेला नसेल याची खात्री कोण देणार? मी डोक्याला हात लावून बसलेला पाहून ती म्हणाली, "अरे, बायका इतकी वर्षं वाण लुटतात. डबे, गाळण्या, कुंकवाच्या कोयऱ्या. ते काय खातात का?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. संक्रांतीला न खाण्याची भेट द्यायची रीत आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या होती. ती फक्त मुलांपर्यंत आली नव्हती.

मग कामाला लागलो. पुठ्ठ्याच्या दोन गोल चकत्या, मध्ये भोक, त्यावर लोकर गुंडाळायची, कड कापायची, मध्ये करकचून बांधायचं, की झाला गोंडा. मोसंबीएवढे साठ गोंडे आम्ही मायलेकांनी केले. माझे पहिले सहा विसकटले. पांढऱ्या लोकरीचे बारके गोंडे कापडी पट्टीवर घट्ट शिवून आईनं भाचीला मुकुट आणि हार केला. लांबून हलवाच वाटावा. तिळाचे लाडू घरात केलेच नाहीत, ते मावशीकडे.

अप्पा बळवंत चौकातून वाण आणलं: मेणखडू, छोट्या वह्या, भिंगं, शिक्के, लाकडी भोवरे, 'किशोर'चे अंक. चार वर्षांच्या आतल्यांसाठी कापडी चेंडू आणि जाड पानांची चित्रांची पुस्तकं. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बघूनच घेतलं. 2021 पासून ते सक्तीचं आहे, हेही मला याच आठवड्यात कळलं. एका मुलामागे शंभराच्या आत खर्च आला.

वेगवेगळ्या पिशव्या मात्र केल्या नाहीत. "तुझी ही, कारण तुला ते चालत नाही" हे वाक्य मुलाला ऐकूच येऊ नये, एवढी एकच अट ताईनं घातली होती. म्हणून कोपऱ्यात स्टूल टाकून मी दुकान मांडलं. दर एकच: पाच गोंडे द्या, हवी ती वस्तू घ्या.

दिवस उजाडला. भाचीच्या डोक्यावरून झेंडूच्या पाकळ्या, पतंगी कागदाचे पतंग आणि साठ गोंडे कोसळले. क्षणभर शांतता. मग जो गलका झाला, त्यात बोरं आठवायला कुणाला वेळच नव्हता. खालच्या वहिनी सवयीनं पर्स घेऊन उठल्या होत्या. त्यांचा मुलगा जमिनीवर पालथा पडून दोन्ही हातांनी गोंडे ओढत होता. त्या परत बसल्या. त्यानं भिंग घेतलं आणि पहिल्यांदा माझ्या नाकावर धरलं.

तासाभरात डायबेटिसवाल्या पठ्ठ्याच्या आईचा मोबाइल वाजला. त्याच्या दंडावरचा सेन्सर सांगत होता, साखर उतरतेय. तिनं त्याला खाली बसवलं, पर्समधून ग्लुकोजच्या गोळ्या काढून दिल्या. पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं. तो निवांत गोळी चघळत बसला.

आठ पोरं त्याच्याभोवती गोल करून उभी राहिली. मग जावेची मुलगी माझ्या दुकानावर आली, पाच गोंडे स्टुलावर आपटले आणि म्हणाली,

"मामा, हा अन्याय आहे. गोळी फक्त त्यालाच का?"