हाडं नक्की किती?

माणसाच्या अंगात हाडं किती, या प्रश्नाला आयुर्वेद महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात तीन बरोबर उत्तरं असतात. चरकसंहितेत ३६०, सुश्रुतसंहितेत ३००, आणि चौरसियांच्या आधुनिक शरीररचनेच्या पुस्तकात प्रौढ माणसाची २०६. पाठ करायला बसलं की आधी वैताग येतो. सांगाडा एक, त्याची शिरगणती तीनदा कशाला? पण नीट वाचलं की कळतं, हाड कशाला म्हणायचं इथेच मुळात मतभेद आहे. चरक दातांबरोबर त्यांच्या खोबणी आणि नखंही मोजतात. सुश्रुत दात धरतात, शिवाय कूर्चेलाही ‘तरुण’ अस्थी म्हणून जागा देतात. २०६ मध्ये यातलं काहीच नाही. एवढं समजलं की तिन्ही आकडे आपोआप डोक्यात बसतात. मला तरी ते घोकावे लागले नाहीत.

हॉस्टेलवर मात्र घोकण्याचाच जोर. मनगटाच्या ८ हाडांसाठी इंग्रजी चावट वाक्यं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. गंमत अशी, की वाक्य जन्मभर लक्षात राहतं आणि हाड हातात दिलं की बोलती बंद! त्यापेक्षा सीनियरकडून मिळालेला बोन सेट बरा. स्नायू जिथून निघतो तिथे लाल रंग, जिथे संपतो तिथे निळा. अनेक हातांनी हाताळून गुळगुळीत झालेली ती हाडं कुणा माणसाची होती, हा विचार परीक्षा जवळ आल्यावर मनात येतही नाही, आणि हे मला अजून विचित्र वाटतं. व्हायवात पहिला प्रश्न ठरलेला: उजवं की डावं? गळपट्टीचं हाड असेल तर ते आपल्याच गळ्याशी धरून बघावं. जाड टोक छातीच्या मध्याकडे, चपटं खांद्याकडे. आपलं अंग हे कायम उघडं असलेलं पुस्तक, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये न्यायलाही बंदी नाही.

क्रिया शारीराचं, म्हणजे शरीर चालतं कसं या विषयाचं गणित वेगळं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास. मग बाकीचं गेलं कुठे, हा प्रश्न पडला की अर्धा धडा झालाच.

पण ‘का’ विचारण्याची खरी चव मला एका नसेने लावली. डावी रिकरंट लॅरिन्जिअल नर्व्ह. काम स्वरयंत्राचं, म्हणजे गळ्यातलं. पण व्हेगस नर्व्ह गळा ओलांडून छातीत उतरते, तिथे तिची ही शाखा फुटते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर गळ्यात येते. उजवी बाजू थोडक्यात सुटते. तिचा वळसा सबक्लेव्हिअन धमनीपाशीच. हा उलटासुलटा रस्ता पाठ करताना चिडचिड होते. मग गर्भविज्ञानाचं पान उलटावं. गर्भात हृदय आधी गळ्यापाशी असतं आणि वाढीबरोबर छातीत सरकतं. नस त्याच्या रक्तवाहिनीखाली अडकलेली, म्हणून तीही खाली ओढली जाते.

व्हायवात सर विचारतात, “रुग्णाचा आवाज बरेच दिवस बसलाय. छातीचा एक्स-रे कशाला काढायचा?” नुसतं स्वरयंत्र पाठ केलेला मुलगा गळ्यातच घुटमळतो. दुसरा महाधमनीपाशी उतरतो, तिथली सूज किंवा फुप्फुसातली गाठ नसेला दाबत असेल म्हणतो, आणि सर पुढचं हाड उचलतात.