फक्त विचारायचं होतं

हिशेब जुळेना की माणूस दोनच गोष्टी करतो : पुन्हा बेरीज करतो, नाहीतर शेजारच्या टेबलावर संशय घेतो. आम्ही बँकेतले लोक दोन्ही करतो. ट्रायल बॅलन्समध्ये १८ रुपयांचा फरक आला आणि त्याला नऊनं भाग गेला, की कुणीतरी ३५ चे ५३ केले असणार, हे ताडण्याइतकी अक्कल बी. कॉम.नं आम्हांला दिली आहे.

आमच्या भाच्याची तऱ्हा निराळी. त्यानं ठेवींच्या व्याजाचा प्रोग्राम लिहिला आणि तो यच्चयावत ठेवीदारांना शून्य रुपये व्याज देऊ लागला. (बँकेच्या दृष्टीनं यात चूक ती काय?) भाच्यानं जीडीबी नावाचं हत्यार काढलं. रिचर्ड स्टॉलमन या गृहस्थांनी ते १९८६ साली लिहिलं. चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवायचा आणि 'कॉल' असं टाईप करून त्यातल्या एकेका फंक्शनला हाक मारायची. अख्खी शाखा न हलवता एकट्या व्याजाच्या कारकुनाला केबिनमध्ये बोलवावं, तसं.

"दहा हजार, एक वर्ष, ७ टक्के?"

"शून्य."

"९९ टक्के?"

"शून्य."

"१०० टक्के?"

"दहा हजार!"

"सापडला, मामा!" भाचा ओरडला. सी भाषेत पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की अपूर्णांक चक्क टाकून देतात. सात भागिले शंभर म्हणजे शून्य!

"मग आता त्या 'व्याज जमा करा'वाल्यालाही विचार की," आम्ही सुचवलं.

"छे हो, मामा! तो नुसतं उत्तर देत नाही, खरोखरच जमा करतो. दोनदा विचारलं तर दोनदा! म्हणून तर खात्यांच्या नकलेवर हे उद्योग करायचे."

हे मात्र आम्हांला तत्काळ पटलं. "साहेब, यंदा बदल्या निघणार का हो?" असं सहज विचारून पाहा. माहिती राहते बाजूला, आठवड्यात यादीत आपलंच नाव! घरी "आज भाजीत मीठ कमी आहे का गं?" एवढंच विचारा. रात्रीचा स्वयंपाक तुमच्या खात्यावर जमा! नुसतं उत्तर देऊन थांबणारी माणसं जगात फार थोडी.

भाच्याला विचारायला नक्कल तरी मिळते. आमचा साहेब एकच, आणि तोही अस्सल!