एकाच दगडातले दोघे

बाबांना जाऊन वर्ष झालं आणि मी आईला घेऊन फिलाडेल्फियाला दादाकडे गेले. आई तशी कशातच रमत नव्हती. दादा ऑफिसला गेला की आम्ही दोघी बाहेर पडायचो. एक दिवस तिला मुद्दाम शिल्पं बघायला नेलं.

आधी रोदाँ म्युझियम. तिथे ऑग्युस्त रोदाँच्या प्रसिद्ध ‘द किस’ची संगमरवरी प्रतिकृती आहे. इतकी हुबेहूब माणसं, की आई संकोचली. “चल गं पुढे,” म्हणत थेट बागेत जाऊन बसली.

तिथून थोडं चालत आम्ही फिलाडेल्फिया म्युझियम ऑफ आर्टमध्ये गेलो. तिथे रुमानियन शिल्पकार कॉन्स्टन्टिन ब्रांकुशीचं ‘द किस’ आहे. नाव तेच, पण शिल्प अगदी वेगळं. चुनखडीचा जेमतेम दोन फूट उंचीचा ठोकळा, १९१६ सालचा. त्यात कमरेपर्यंतचे दोघे समोरासमोर बिलगलेले. दोघांच्या मधे एक सरळ रेघ, पण डोळे असे भिडलेले की मिळून एकच डोळा वाटावा. ओठही एकच. चपटे हात एकमेकांच्या गळ्यात. लांब केसांवरून बाई ओळखायची.

त्या काळी शिल्पकार मातीत नमुना घडवायचे आणि दगडकाम बहुधा कारागीर करायचे. रोदाँच्या कार्यशाळेतही तसंच चाले. १९०७ मध्ये ब्रांकुशी तिथे थोडे दिवस काम करून बाहेर पडला. मग त्याने स्वतःच छिन्नी घेऊन थेट दगडात ‘द किस’ कोरलं. ते पहिलं शिल्प आज रुमानियात क्रायोव्हाला आहे. पुढे हाच विषय त्याने पुन्हा पुन्हा घेतला.

हे त्याला सुचलं कुठून? त्याचं गाव होबित्सा. तिकडे घरांचे खांब आणि दारं लाकडात कोरायची जुनी रीत. पॅरिसमध्ये १९०६ साली गोगँच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात त्याची लाकडातली कामंही होती. १९०७ मध्ये आंद्रे देरँने दगडाच्या ठोकळ्यातच अंग मुडपून बसलेला माणूस कोरला. आफ्रिकेतल्या मूर्तीही तेव्हा पॅरिसच्या कलाकारांना खुणावत होत्या. हुबेहूब शरीर घडवण्यापेक्षा दगडाला दगडच राहू द्यावं, ही ओढ त्या काळात होतीच.

“आई, हा माणूस इंदूरला येऊन गेलाय,” मी म्हटलं. तिला खरं वाटेना. आपल्या यशवंतराव होळकर महाराजांनी, म्हणजे दुसऱ्या यशवंतरावांनी, त्याचे तीन ‘पक्षी’ घेतले होते. एक ब्राँझचा, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा. त्यांच्यासाठी इंदूरला एक मंदिर बांधायचं होतं. त्यासाठी १९३७-३८च्या हिवाळ्यात ब्रांकुशी आला, पण मंदिर झालंच नाही. ते दोन संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराला आहेत.

“महाराजांचा म्हणजे माणिकबाग पॅलेस ना? बाबा रोज स्कूटरवरून तिथूनच जायचे,” आई म्हणाली. वर्षभरात बाबांचा विषय तिने आपणहून पहिल्यांदाच काढला होता.

मग ती शिल्पाभोवती सावकाश फिरली. मागून पाहिलं, बाजूने पाहिलं. “यांना वेगळं करायचं तर दगडच फोडावा लागेल,” एवढंच बोलली आणि समोरच्या बाकावर बसली. मीही शेजारी बसले. आम्हाला घाई नव्हती.

परत आल्यावर एकदा रिक्षाने माणिकबाग रोडवरून जात होतो. “आपल्या इंदूरला आला होता ना तो?” आईने विचारलं. मग घर येईपर्यंत ती बाबांच्या स्कूटरबद्दल बोलत होती.